घरगुती धंदा आणि इंटरनेटचा बाजार



आपल्या शाळेतील बऱ्याच कुटुंबांत आता एखादा लहानसा घरगुती उद्योग चालतो. कोणी दिवाळीचा फराळ करून देते, कोणी मसाले आणि लोणची, कोणी महेश्वरी साड्या ठेवते, कोणी रुखवताचे सामान तयार करते. पूर्वी अशा धंद्याची हद्द म्हणजे आपली कॉलनी, गणेशोत्सवाचे मंडळ आणि ओळखीपाळखीची घरे. आता नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा किंवा बंगळूरला स्थायिक झालेली मुलगी मोबाईलवरून इंदूरच्या मावशींची चकली मागवू शकते. त्यामुळे ‘ऑनलाइन मार्केटिंग’ हा शब्द आपल्या पालक सभेतही ऐकू येऊ लागला आहे. त्याच्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते. जाहिरातीला चार-पाच हजार घातले, लाइक भरपूर आले, पण माल काही खपला नाही. हे चार-पाच हजार कित्येकदा फीसाठी किंवा सणासाठी बाजूला ठेवलेले असतात. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती या अंकात देत आहे.

सुरुवातीलाच माझे मत सांगतो. लहान धंद्याने पैसे देऊन जाहिरात करणे हे पहिले काम नसून शेवटचे काम आहे. आधी आपण शोधणाऱ्याला सापडलो पाहिजे, मग त्याला आपला विश्वास वाटला पाहिजे, आणि एकदा घेतलेला माल त्याने पुन्हा मागवला पाहिजे. हे तिन्ही जमल्याशिवाय जाहिरात करणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे.

जाहिरातीवर डोळे झाकून भरवसा ठेवण्याचे दिवस तसे केव्हाच गेले. इंटरनेटवरील पहिली पट्टी-जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झळकली. ती एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. पाहणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चव्वेचाळीस जणांनी त्यावर बोट दाबले होते असे सांगतात. ते नवलाईचे दिवस होते. आज अशा पट्टीवर शंभरांत एकाने बोट दाबले तरी पुष्कळ झाले.

याच काळातील दुसरे उदाहरण मला अधिक शिकण्यासारखे वाटते. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ ही मोफत ई-मेल सेवा सुरू केली. मोठी जाहिरात करण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी इतकेच केले की हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ जोडली. तुम्हालाही असे मोफत खाते मिळेल, अशा अर्थाची. पत्र जिथे जाई तिथे ओळ जाई, आणि पत्र पाठवणारा ओळखीचाच असल्याने वाचणाऱ्याचा विश्वास बसे. दीड वर्षात वापरणाऱ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. आता आपल्या चकलीच्या डब्याकडे पाहा. तो डबा ज्या घरी जातो तिथे दिवाळीत दहा पाहुणे येतात. ‘कुठून आणली हो?’ असे कोणीतरी विचारतेच. डब्याच्या झाकणावर धंद्याचे नाव आणि मोबाईल क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर त्या प्रश्नाचे उत्तर डबाच देतो. चिठ्ठी छापायला काही पैसे लागतात. तरीही अनेक डबे बिननावाचे जातात.

आता शोधणाऱ्याला सापडण्याविषयी. सापडण्यासारखे आपल्याकडे काय आहे, हे आधी ठरवावे लागते. इंदूरमध्ये घरी शेव करून इंदूरच्याच लोकांना विकायची म्हणजे हिंदीत म्हणतात तसे ‘उलटे बाँस बरेली को’. सराफ्यापासून छप्पन दुकानापर्यंत उत्तम नमकीन जागोजागी आणि स्वस्तात मिळते. घरगुती धंद्याने त्या वाटेला जाऊ नये. पण ओल्या नारळाची करंजी, जाळीदार अनारसे, चिरोटे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट हे पदार्थ बाजारात सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी आजीच्या हातची चव मिळत नाही. ज्याला मागणी आहे पण बाजार जे नीट पुरवत नाही, तेच लहान विक्रेत्याचे खरे क्षेत्र.

यात आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे नावांची. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हे मला चटकन जाणवते. आपण ‘करंजी’ लिहितो, आपला हिंदीभाषक शेजारी गूगलवर ‘गुजिया’ शोधतो. (गुजियात मावा असतो आणि करंजीत नारळ, हे त्याला चाखल्यावर कळेल, आधी तो आपल्यापर्यंत पोहोचला पाहिजे.) आपले शंकरपाळे त्याचे शक्करपारे आहेत, आपले अनारसे त्याचे अनरसे. पुण्याचा ग्राहक पुन्हा मराठी नावानेच शोधतो, आणि बरीच तरुण मंडळी दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत टंकतात. म्हणून पदार्थाच्या वर्णनात मराठी नाव, हिंदी नाव आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेले नाव अशी तिन्ही असावीत, आणि सोबत ‘इंदूर’ किंवा आपल्या भागाचे नाव. शोधयंत्र शब्दाला शब्द जुळवण्यापासूनच सुरुवात करते. आपण न लिहिलेल्या नावाने आपण सापडू अशी आशा ठेवू नये.

गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद विनामूल्य करता येते. नोंद खरी आहे की नाही याची पडताळणी गूगल करते, त्यासाठी फोन, पत्र किंवा व्हिडिओ मागितला जातो. घरून धंदा करणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. घराचा पत्ता सर्वांना दिसू न देता फक्त ‘या भागात सेवा देतो’ अशी नोंद करण्याची सोय तिथे आहे. ती जरूर वापरावी. अनोळखी माणसाने थेट घराच्या दारात उभे राहावे अशी काही गरज नाही.

सापडल्यावर येतो विश्वास. समोरच्याने आपला माल हातात घेतलेला नाही, चाखलेला नाही. त्याच्यापाशी फक्त फोटो आणि चार ओळी आहेत. फोटो सकाळी खिडकीजवळच्या उजेडात काढावा, साध्या पांढऱ्या ताटलीत, आणि तो आपल्याच पदार्थाचा असावा. इंटरनेटवरून दुसऱ्याचा सुंदर फोटो उचलून लावणे ही चोरी तर आहेच, शिवाय डबा उघडल्यावर ग्राहकाला फरक कळतो आणि तो कायमचा जातो. किंमत स्पष्ट लिहावी. ‘किमतीसाठी संपर्क करा’ असे लिहिले की निम्मे लोक संकोचाने विचारतच नाहीत. वजन किती, तेल कोणते, किती दिवस टिकते, कुरिअरचा खर्च कोणाचा, हे सर्व आधीच सांगावे. खाद्यपदार्थ घरी करून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर असावा. कायदा आहे म्हणून तर खरेच, पण अनोळखी ग्राहकाला धीर देणारी ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे.

अभिप्रायांविषयी स्पष्ट बोलतो. मामा, आत्या आणि भाचरांकडून पाच-पाच तारे मिळवण्याची चाल आता सर्रास दिसते. खोट्या अभिप्रायांचा उपद्रव इतका वाढला की भारतीय मानक ब्यूरोला २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानक काढावे लागले. ‘फक्त दोनच डबे शिल्लक’ असे खोटे सांगून घाई करवणे हेही २०२३ च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. खऱ्या ग्राहकाला माल पोहोचल्यावर तीन-चार दिवसांनी फोन करावा, कसे वाटले विचारावे, आवडले असल्यास दोन ओळी लिहाल का म्हणावे. दहा जणांनी जमेल तसे लिहिलेले खरे शब्द पन्नास कोऱ्या ताऱ्यांपेक्षा जास्त काम करतात. त्यात एखादी तक्रार असली तरी बिघडत नाही. तिला आपण सभ्यपणे काय उत्तर दिले आहे हेच नवा ग्राहक वाचतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, ग्राहकांची यादी. अनेक जण म्हणतात, ‘आमचे इंस्टाग्रामवर पाच हजार अनुयायी आहेत.’ ते आपले नसतात, त्या कंपनीचे असतात. आपली पोस्ट त्यांतील किती जणांना दाखवायची हे कंपनी ठरवते. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. ज्यांचा धंदा केवळ टिकटॉकच्या प्रेक्षकांवर उभा होता त्यांची सारी मेहनत दोन दिवसांत नाहीशी झाली. त्यांच्यापाशी एकाही ग्राहकाचा फोन क्रमांक नव्हता. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इंस्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हे तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले होते. तेव्हा या माध्यमांचा उपयोग जरूर करावा, पण प्रत्येक ग्राहकाचे नाव, क्रमांक, काय घेतले, केव्हा घेतले आणि काय आवडले हे आपल्या वहीत असावे. आपले जुने किराणा दुकानदार हेच करत. उधारीची वही म्हणजे त्यांची ग्राहकसूचीच होती!

यादी म्हणजे परवानगीने घेतलेली यादी. ‘परवानगीचे मार्केटिंग’ ही कल्पना अमेरिकन लेखक सेथ गोडिन यांनी १९९९ मध्ये पुस्तक लिहून लोकप्रिय केली. तिचे सार साधे आहे. ज्याने ‘मला कळवा’ म्हटले आहे त्यालाच कळवावे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत हे तत्त्व आपोआप पाळले जाते, कारण ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. याउलट कोणाला न विचारता ग्रुपमध्ये ओढले की सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात, आणि लोक मनात चरफडत बाहेर पडतात. संदेशही बेताने पाठवावेत. संक्रांतीच्या आधी गुळाच्या पोळ्यांचा, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचा, दिवाळीच्या महिनाभर आधी फराळाचा, असे वर्षात सात-आठ. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह सुप्रभात पाठवणाऱ्याचा संदेश कोणी वाचत नाही.

आता हिशेब. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा भाग वही-पेन्सिल घेऊन वाचावा. समजा, अर्धा किलो चकलीचे पाकीट २६० रुपयांना विकले. साहित्य, गॅस आणि पाकीट मिळून १५० रुपये. करणाऱ्याच्या मेहनतीचे ४० रुपये. हे बहुतेक घरांत धरलेच जात नाहीत, पण धरले पाहिजेत. उरले ७०. आता १,००० रुपयांची जाहिरात केली. एका माणसाने जाहिरातीवर बोट दाबून आपल्या पानावर येण्याचे ५ रुपये पडले असे धरू. म्हणजे २०० जण आले. त्यांतील शेकडा ३ जणांनी खरेदी केली तर ६ पाकिटे गेली. एका पाकिटामागे जाहिरातीचा खर्च झाला सुमारे १६७ रुपये, आणि नफा होता ७०. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे ९७ रुपयांचा तोटा. विक्री मात्र वाढलेली दिसते, फोन वाजत राहतो, आणि घरात सर्वांना वाटते धंदा जोरात आहे.

आता दोन बदल करून पाहा. पहिला, फोटो, किंमत आणि माहिती नीट केल्यामुळे शेकडा ३ ऐवजी ६ जणांनी खरेदी केली. तेवढ्याच पैशांत १२ पाकिटे, म्हणजे पाकिटामागे खर्च ८३ रुपये. तोटा राहिला १३ चा. दुसरा, त्याच ग्राहकांनी वर्षभरात आणखी तीन वेळा, यादीवरील संदेश पाहून, म्हणजे जाहिरातीशिवाय माल घेतला. एका ग्राहकाचा वर्षाचा नफा झाला ४ गुणिले ७०, म्हणजे २८०. त्यातून ८३ वजा केले तर १९७ उरतात. जाहिरात तीच, पैसे तेवढेच. आकडे प्रत्येकाच्या धंद्यात निराळे येतील, पण हा हिशेब मांडल्याशिवाय ‘बूस्ट’चे बटण दाबू नये. आणि दाबायचेच असेल तर उद्दिष्ट नीट निवडावे. जाहिरातीची यंत्रणा आपण मागतो तेच आणून देते. लाइक मागितल्या तर लाइक देणारी माणसे शोधते, मग ती विकत घेणारी असोत वा नसोत. क्षेत्रही आपण माल पोहोचवू शकतो तेवढेच ठेवावे.

कुरिअरचा हिशेबही असाच फसवतो. खासगी कुरिअर कंपन्या हलक्या पण मोठ्या खोक्याचे वजन त्याच्या आकारावरून धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि साधारणतः ५,००० ने भागायचे. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्याचे वजन ३ किलो धरले जाते, आत भले एकच किलो चिवडा असो. म्हणून खोके मालाच्या मापाचे हवे. करंज्या आणि चकल्या तर खोक्यात हलल्या की तुटतातच.

कराविषयी थोडक्यात. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल लहान असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, आणि पापड करमुक्तच आहे. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन मंचावरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून, नावनोंदणी क्रमांक घेऊन, पूर्ण नोंदणीशिवाय विक्री करता येते. आपल्या पालकांत सनदी लेखापाल आहेतच. पहिला डबा पुण्याला रवाना करण्यापूर्वी त्यांना एकदा विचारून घ्यावे.

फसवणुकीबद्दल मात्र अधिक सांगणे भाग आहे, कारण घरगुती विक्रेते हे ठकांचे आवडते सावज आहे. नेहमीचा प्रकार असा. फोन येतो, बोलणारा स्वतःला सैन्यातील अधिकारी म्हणवतो, वीस किलो फराळाची मागणी देतो, भाव करत नाही. मग म्हणतो, ‘ताई, पैसे पाठवतो, एक कोड येईल तो स्कॅन करा आणि पिन टाका.’ पिन टाकताच पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. ही एक गोष्ट घरातील प्रत्येकाला पाठ असावी. दुसरा प्रकार, पैसे भरल्याचे बनावट चित्र पाठवून माल उचलणे. चित्र पाहू नये, आपल्या बँक खात्यात रक्कम जमा झाली का ते पाहावे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

आता शाळेशी संबंधित दोन गोष्टी. वर्गांचे व्हॉट्सॲप ग्रुप गृहपाठ, सुट्ट्या आणि परीक्षांच्या सूचनांसाठी आहेत. पालकांनी आपले क्रमांक त्या कामासाठी दिले आहेत, विक्रीसाठी नाही. गेल्या वर्षभरात या ग्रुपवर साड्यांपासून विम्यापर्यंत सर्व काही येऊ लागले आहे आणि त्यात शाळेची सूचना हरवते. यापुढे तिथे धंद्याचे संदेश टाकू नयेत, अशी वर्गशिक्षकांना सूचना दिली आहे. त्याऐवजी या मुखपत्रात वर्षातून दोनदा एक पान पालकांच्या उद्योगांसाठी ठेवावे, प्रत्येकास सारखीच जागा आणि कोणाकडूनही शुल्क नाही, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. दुसरी गोष्ट, शाळेच्या गणवेशातील मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ कोणत्याही जाहिरातीत वापरू नयेत, मूल स्वतःचे असले तरी. मुलाचा चेहरा, शाळेचे नाव आणि आईचा मोबाईल क्रमांक एकाच चित्रात सर्व जगासमोर ठेवणे धोक्याचे आहे, आणि ते चित्र पुसले तरी कोणाकोणाच्या फोनमध्ये राहील हे आपल्या हाती नसते.

यंदाच्या आनंद मेळाव्यात आठवी ते दहावीच्या प्रत्येक गटाला आपल्या स्टॉलसोबत एक वही ठेवायची आहे. एका बाजूला साहित्याचा खर्च, मेहनतीचे तास आणि फलकाचा खर्च. दुसऱ्या बाजूला विक्री. तिसऱ्या रकान्यात किती जण नुसते पाहून गेले, किती जणांनी विचारले, किती जणांनी घेतले आणि कोण पुन्हा आले. वह्या गणिताच्या शिक्षकांकडे मेळाव्यानंतरच्या सोमवारी जमा करायच्या आहेत. ज्या पालकांचा स्वतःचा उद्योग आहे त्यांनी त्या तपासायला शाळेत यावे, अशी त्यांना विनंती आहे.